‘ओपन’ ही कुणाची जात?

घणसोली गावात ‘ओपन’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. मेडिकल ओपन आहे का? ओपन प्लॉटवर मॅच आहे, ओपन जिममध्ये भेटू. सगळीकडे अर्थ एकच : बंद नाही, या. पण प्रवेशाच्या फॉर्मपाशी आलं की अर्थ फिरतो. ‘तो ओपनचा आहे’ असं आपणच म्हणतो आणि उघड्या दाराला सवर्णांची पाटी लावतो.

मित्रांनो, दार उघडं होणं म्हणजे काय, हे आपल्या इतिहासाला विचारा. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना वापरू द्यावेत असं म्हटलं. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत आपली माणसं ते पाणी प्यायली, तर मंदिरात घुसणार अशी अफवा उठवून त्यांना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव फिरवला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ‘खुलं’ हा शब्द कागदावरून पाण्यापर्यंत पोचायला चौदा वर्षं लागली!

तळं खुलं झालं म्हणजे ते आपल्या एकट्याचं झालं नाही, सगळ्यांचं झालं. मग खुल्या जागा एकट्या सवर्णांच्या कशा? इंद्रा साहनी खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : मागासवर्गीय उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडला गेला, तर त्याला राखीव कोट्यात मोजायचं नाही. सौरव यादव खटल्यात २०२० साली तेच पुन्हा बजावलं : खुला प्रवर्ग हा कुणाचा कोटा नाही, तो सगळ्यांना खुला आहे.

तरी घणसोलीत फॉर्म भरून देताना आम्ही ऐकतो, ‘आपलं ओपनमध्ये कुठं होणार?’ आपलीच मुलं अर्धं दार स्वतः लावून घेतात. आणि जास्त गुणांची आपली मुलगी राखीव यादीत ढकलली, तर खालच्या आपल्याच मुलाची जागा जाते. नुकसान दुहेरी आहे.

म्हणून निवड यादी लागली की आधी खुली यादी वाचा. आपल्यातल्या कुणाचे गुण खुल्या कटऑफच्या वर असूनही नाव राखीव यादीत असेल, तर लेखी हरकत घ्या. आणि ‘ओपनवाले’ हा शब्द बोलण्यातून काढून टाका. ओपन ही जात नाही.

जय भीम!