कुंपणाआडची फिरदौस

उर्दूच्या तासाला ‘फिरदौस’ हा शब्द आला की मुली लगेच ‘जन्नत’ असा अर्थ सांगतात. अर्थ बरोबरच आहे. कुरआनात हा शब्द दोन ठिकाणी येतो. पण त्याचं मूळ शोधत गेलं की आपण प्राचीन इराणात पोहोचतो. अवेस्ताच्या भाषेत ‘पइरिदएझ’ म्हणजे चहूबाजूंनी भिंत घातलेली जागा. त्यातला ‘पइरि’ म्हणजे आपल्या परिघ, परिसर या शब्दांतला ‘परि’च. ग्रीकांनी हा शब्द इराणी राजांच्या बागांसाठी उचलला आणि पुढे इंग्रजीत त्याचा ‘पॅरडाइज’ झाला. थोडक्यात, या शब्दात झाडं आणि पाणी नंतर आले, आधी आलं कुंपण.

घराभोवतीच्या बागेचा इतिहास आपण बहुतेक वेळा सौंदर्याचा आणि हौसेचा इतिहास म्हणून वाचतो. त्यातला मोठा भाग नजरेपासून सुटका करून घेण्याचा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या एका बागेची हकिकत मला त्यासाठी फार बोलकी वाटते. ही बाग डर्बी शहराजवळच्या एल्वास्टन कॅसल या हवेलीची आहे.

एल्वास्टनची जमीन अगदी सपाट होती. इंग्लंडचा सर्वांत प्रसिद्ध उद्यानकार ‘कॅपेबिलिटी’ ब्राउन याला अठराव्या शतकात इथे बोलावलं होतं. त्यानं जागा पाहिली आणि इथे काही करण्याजोगं नाही म्हणून काम नाकारलं, असं सांगितलं जातं. जाताना त्यानं लेबनॉनच्या देवदाराची सहा झाडं भेट दिली, अशीही आठवण आहे. ब्राउनची कला चढ-उतार, वळणदार तळी आणि दूरवर जाणारी नजर यांच्यावर उभी होती. एल्वास्टनला दूरवर पाहण्यासारखं काही नव्हतं. पण पुढे तिथे आलेल्या जोडप्याला दूरवर पाहायचंच नव्हतं. त्यांना फक्त स्वतः दिसायचं नव्हतं.

हे जोडपं म्हणजे चार्ल्स स्टॅनहोप, हॅरिंग्टनचा चौथा अर्ल, आणि मारिया फूट. चार्ल्स तरुणपणी लंडनच्या छानछोकी मंडळींत अग्रेसर होता. त्याच्या नावानं ओव्हरकोटाची एक पद्धत ओळखली जायची आणि त्याच्या तपकिरीच्या डब्यांचा संग्रह गाजलेला होता. मारिया कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावरची लोकप्रिय नटी. एका कर्नलनं तिला लग्नाच्या आशेवर झुलवत ठेवलं. त्याच्यापासून तिला दोन मुलं झाली, लग्न मात्र झालं नाही. पुढे एका श्रीमंत तरुणानं तिला लग्नाचं वचन दिलं आणि मोडलं. 1824 साली ती त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली. ज्यूरीनं तिच्या बाजूनं कौल देऊन 3000 पौंडांची भरपाई मंजूर केली. खटला ती जिंकली, पण तिचं सगळं आयुष्य वर्तमानपत्रांत छापून आलं. एप्रिल 1831 मध्ये चार्ल्सनं तिच्याशी लग्न केलं, तेव्हा तो एकावन्नाव्या वर्षात होता आणि ती तेहतीस वर्षांची. उच्चभ्रू समाजानं तिला आपलं मानलं नाही. दोघं एल्वास्टनला निघून गेले.

यात मला नवल वाटत नाही. वीस-बावीस वर्षं शाळेत शिकवताना हा न्याय मी जवळून पाहिला आहे. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीचं नाव एकदा मोहल्ल्यात चर्चेत आलं. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. तिला नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी पाठवलं आणि शिक्षण तिथेच थांबलं. ज्या मुलाचं नाव तिच्याबरोबर घेतलं जात होतं, त्यानं मात्र वर्षाच्या शेवटी निवांत परीक्षा दिली. मारियाच्या बाबतीतही तेच झालं. कर्नल आपल्या मानमरातबासह समाजात वावरत राहिला. बदनामीचा हिशेब सगळा बाईच्या खात्यावर. फरक एवढाच की मारियाच्या नवऱ्याजवळ जमीन होती, पैसा होता आणि तो तिच्या बाजूनं उभा राहिला.

पण जमीन आणि पैसा असूनही एक गोष्ट त्याच्याजवळ कमी होती, ती म्हणजे वेळ. पन्नाशी उलटलेल्या माणसानं कुंपणाची रोपं लावली, तर आडोसा व्हायला किती वर्षं लागणार? तेही यू या झाडाची. यू सदाहरित असतो, गर्द असतो, कापू तसा आकार घेतो, आणि शेकडो वर्षं जगतो. इंग्लंडच्या जुन्या चर्चांच्या आवारात तो हमखास दिसतो. आपल्या हिमालयातला थुनेर हा त्याचाच भाऊबंद. मात्र वाढतो अतिशय सावकाश. नातवंडांसाठी लावावं असं हे झाड.

हा पेच सोडवला विल्यम बॅरन या स्कॉटिश माळ्यानं. तो 1805 साली जन्मला, एडिंबराच्या वनस्पती उद्यानात शिकला आणि 1830 मध्ये, वयाच्या पंचविशीत, एल्वास्टनला आला. आधी त्यानं पाणी साचणाऱ्या त्या सपाट जमिनीचा निचरा केला. मग वाढलेली झाडंच उचलून आणायला सुरुवात केली. दूरदूरच्या जुन्या बागांतून, लोकांच्या अंगणांतून त्यानं यूची पिढ्यान् पिढ्या छाटून आकार दिलेली झाडं मिळवली. अर्लला वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्यांनी पाहिलेली वाट त्यानं विकत घेतली, असंच म्हणायला हवं.

मोठी झाडं हलवणं हे काही बॅरननं पहिल्यांदा केलं नाही. चौदाव्या लुईनं व्हर्सायसाठी वाढलेली झाडं गाड्यांवरून आणवली होती, आणि ब्राउनच्या काळातही त्यासाठी चाकांचं साधन वापरत. बॅरनचं वैशिष्ट्य म्हणजे त्याचा मुळांविषयीचा आदर. झाडाभोवती अंतर ठेवून खोल चर खणायचा. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा अजिबात फुटू द्यायचा नाही. मग खालून माती पोखरत फळ्या आणि तुळया सरकवायच्या, गड्डा घट्ट बांधायचा, जॅकनं उचलून खास बनवलेल्या गाड्यावर घ्यायचा आणि घोड्यांनी ओढत न्यायचा. नव्या जागी झाड आधीच्याच पातळीवर बसलं पाहिजे, आणि तिथली माती आधी तयार असली पाहिजे. आज आपल्या शहरांत रस्ता रुंदीकरणाच्या वेळी ‘झाडांचं पुनर्रोपण करण्यात येईल’ अशी पाटी लागते आणि नंतर फांद्या तोडलेला, गड्डा फुटलेला खोड कुठेतरी रोवलेला दिसतो, तेव्हा मला हा माळी आठवतो. झाड हलवणं म्हणजे त्याच्या खालची जमीन हलवणं, ही साधी गोष्ट त्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळली होती.

सुमारे वीस वर्षं हे काम चाललं. हवेलीभोवती यूच्या उंच भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आत बागेची दालनं तयार झाली. एकातून दुसऱ्यात जाताना पुढे काय आहे ते दिसत नसे. एका दालनाचं नाव ‘मों प्लेझीर’, फ्रेंच भाषेत ‘माझा आनंद’. दुसऱ्याचं नाव ‘अल्हम्ब्रा’. त्यात मूर पद्धतीचा म्हणून बांधलेला एक मंडप आहे आणि तो आजही उभा आहे. ग्रनाडाचा खरा अल्हम्ब्रा ज्यांनी चित्रांत पाहिला आहे, त्यांना हा मंडप पाहून थोडं हसू येईल, कारण त्याचं छप्पर चिनी वाटावं असं आहे. पण बाहेरून बंद आणि आतून खुली अशी जागा हवी असताना इंग्रज अर्लला आठवण झाली ती अंदलूसच्या मुसलमानांची, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ग्रनाडातही कोऱ्या भिंतींच्या आत पाणी खेळवलेली अंगणं आहेत. तिथे दगड होता, इथे चिलमन पानांची होती.

आत पाहुण्यांना बंदी होती. राणी आली तर तिला बाग दाखव, बाकी कुणालाही आत सोडू नकोस, असा अर्लचा बॅरनला हुकूम होता असं सांगतात. तरीही दुःखाला कुठलं कुंपण अडवतं? त्यांचा एकुलता एक मुलगा 1836 मध्ये लहानपणीच वारला. मुलगी तेवढी जगली. या एकांताची आणखी एक बाजू विसरता येत नाही. दोघांच्या एकांतासाठी डझनावारी माळी रोज चर खणत होते, कातरी चालवत होते. त्यांच्या स्वतःच्या घरांभोवती कसला आडोसा होता, याची नोंद कुणी ठेवली नाही. कुंपण ही श्रीमंतांना मिळणारी इज्जत होती, असं मी म्हटलं तर ते फारसं चुकणार नाही.

1851 मध्ये चार्ल्सचं निधन झालं आणि पदवी त्याच्या भावाकडे, लेस्टर स्टॅनहोपकडे गेली. इथे ही कहाणी अनपेक्षितपणे आपल्या इतिहासाला येऊन भिडते. लेस्टर लष्करात होता आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात हिंदुस्थानात होता. क्षिप्रेच्या काठी 21 डिसेंबर 1817 रोजी होळकरांच्या फौजेचा जिथे पराभव झाला, त्या महिदपूरच्या लढाईत तो हजर होता. त्या लढाईनं होळकरशाहीचं स्वातंत्र्य संपलं. पण याच माणसानं 1823 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वृत्तपत्रांच्या इतिहासावर पुस्तक लिहून इथल्या छापखान्यांवरची बंधनं उठवावीत अशी बाजू मांडली. त्यानंतर तो ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात कवी बायरनच्या सोबतीला गेला, तिथे वृत्तपत्रं सुरू करवली, आणि 1824 मध्ये बायरनचं शव घेऊन इंग्लंडला परतला. एका देशाचं स्वातंत्र्य बुडवणाऱ्या फौजेत आणि दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांत, दोन्हीकडे तो होता. माणसं अशीच असतात, सरळ रेषेत बसत नाहीत.

लेस्टरनं भावाची बाग लोकांसाठी उघडली. कारण उदारतेचं होतं तसं पैशाचंही होतं. प्रवेशाला तिकीट होतं आणि माळ्यांची संख्या त्यानं एकदम कमी केली. लोक मात्र लोटले. वीस वर्षं कुंपणाआड काय चाललंय, याचं कुतूहल सगळ्यांनाच होतं. मारियाला पाहायची हाव असलेल्या समाजाला आता तिच्या झाडांचं वेड लागलं. बॅरननं 1852 मध्ये सदाहरित वृक्षांवर ‘द ब्रिटिश विंटर गार्डन’ हे पुस्तक लिहिलं, आणि कापलेल्या यूची, उंच हिरव्या भिंतींची फॅशन इंग्लंडभर गेली. पुढे त्यानं स्वतःची रोपवाटिका काढली. 1880 मध्ये डोव्हरजवळच्या बकलंड चर्चचा विस्तार करताना आड येणारा प्राचीन यू त्यानं मातीच्या प्रचंड गड्ड्यासकट हलवला. गड्ड्याचं वजन पन्नास टनांहून जास्त होतं आणि झाड जगलं. त्याच्या संस्थेनं आखलेली लेस्टर शहरातली ॲबी पार्क 1882 मध्ये खुली झाली. अर्लचं कुंपण राखता राखता तयार झालेला माणूस म्हातारपणी गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या शहरासाठी बाग आखत होता.

अर्लजवळ जे होतं ते पुढे प्रत्येक मध्यमवर्गीयाला हवंसं वाटू लागलं, आणि लवकर हवंसं वाटू लागलं. वेल्समधल्या लेटन हॉलच्या आवारात 1888 मध्ये दोन सायप्रस जातींचा संकर आपोआप झाला आणि त्यातून लेलँड सायप्रस मिळाला. हे झाड अनुकूल परिस्थितीत वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या छोट्या छोट्या घरांनी आडोशासाठी ते लावलं. एकाचा पडदा म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतला अंधार. भांडणं इतकी वाढली की 2003 च्या कायद्यात उंच कुंपणांवर स्वतंत्र भाग घालावा लागला. दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणामुळे त्रास होत असेल, तर शेजाऱ्याला नगरपालिकेकडे दाद मागता येते. बॅरनच्या यूनं कुणाचं ऊन अडवलं नाही, कारण भोवती शेकडो एकर जमीन होती. दाटीच्या वस्तीत माझा पडदा आणि तुझा उजेड यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. हे आमच्या मोहल्ल्यांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मारिया 1867 मध्ये वारली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डर्बीचं शिक्षिका प्रशिक्षण महाविद्यालय एल्वास्टनच्या हवेलीत हलवलं होतं. बी.एड. केलेल्या मला हा तपशील विशेष आवडतो: जिथे एका बाईला लोकांपासून लपावं लागलं, तिथे भावी शिक्षिका वह्या घेऊन फिरत होत्या. 1969 मध्ये डर्बीशायर काउंटी कौन्सिलनं ही मालमत्ता विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ती सार्वजनिक उद्यान म्हणून खुली केली. आता तिथे कुणीही जाऊ शकतं.

चार्ल्स आणि मारियाची बदनामी ज्यांनी केली त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. ज्या नजरा चुकवण्यासाठी यू आणले, त्या नजरा केव्हाच मिटल्या. झाडं उभी आहेत, आणि त्यांतली काही तर चार्ल्स-मारिया जन्मण्याच्याही आधीची आहेत. माझ्या त्या विद्यार्थिनीला असं कुंपण कुणी दिलं नाही, आणि सगळ्याच मुलींना ते कुठून देणार? आपण आपल्या नजरा आणि जिभा तेवढ्या आवरू शकतो. त्याला ना जमीन लागते, ना घोडागाडी, ना वीस वर्षं.