क्रोम डायनेट संच

क्रोम डायनेट संच म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी नळ्यांचे पाय आणि लॅमिनेटचा पृष्ठभाग असलेले जेवणाचे टेबल व त्याच्या जोडीच्या, व्हिनाइलने मढवलेल्या चार किंवा सहा खुर्च्या होत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथील मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत दुसऱ्या महायुद्धानंतरची सुमारे दोन दशके हे संच सर्रास आढळत. पुढे ते अडगळीत गेले. आता जुन्या वस्तूंचे संग्राहक ते शोधून दुरुस्त करतात.

इतिहास

वाकवलेल्या पोलादी नळ्यांचे आधुनिक फर्निचर जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेशी निगडित आहे. तेथील मार्सेल ब्रॉयर याने १९२५ मध्ये अशा नळ्यांची खुर्ची तयार केली. अमेरिकेत या कल्पनेला स्वस्त, घरगुती रूप मिळाले.

टेबलाच्या पृष्ठभागाचा इतिहास वेगळा आहे. डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी १९१२ मध्ये विद्युत उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा राळयुक्त थरांचा पदार्थ तयार केला. अभ्रकाला इंग्रजीत ‘मायका’ म्हणतात. त्याच्या ‘ऐवजी’ म्हणून ‘फॉर्मायका’ हे नाव पडले. १९१३ मध्ये त्यांनी सिनसिनाटी येथे कंपनी स्थापन केली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मेलामाइन राळेचा वापर सुरू झाल्यावर हा पदार्थ रंगीत, नक्षीदार आणि उष्णता सोसणारा झाला. भारतात अशा लॅमिनेटला बोलीभाषेत सरसकट ‘सनमायका’ म्हणतात. तेही मुळात एका उत्पादनाचेच नाव आहे.

महायुद्धाच्या काळात पोलाद व क्रोमियम युद्धसामग्रीकडे वळवल्यामुळे घरगुती उत्पादन जवळजवळ थांबले. युद्ध संपताच उपनगरांत लहान घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउनचे बांधकाम १९४७ मध्ये सुरू झाले. अशा घरांना पुसायला सोपे, स्वयंपाकघरातच मावणारे टेबल हवे होते. फुटलेल्या बर्फासारखी नक्षी, विणलेल्या कापडाचा भास देणारी नक्षी आणि ‘बूमरँग’ हे पृष्ठभागाचे प्रसिद्ध नमुने होत. यांपैकी बूमरँग हा फॉर्मायका कंपनीने १९५० मध्ये ‘स्कायलार्क’ या नावाने आणला. त्याची रचना ब्रुक्स स्टीव्हन्स यांच्या कार्यालयाची होती. त्या काळातील एरो सारिनेन यांच्यासारख्यांच्या खुर्च्या रचनाकाराच्या नावाने ओळखल्या जातात. डायनेट संचांच्या बाबतीत मात्र रचनाकाराचे नाव सहसा आढळत नाही.

शोध आणि पारख

घर रिकामे करताना त्या घरातच भरणारी सामानाची विक्री, धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने आणि तळघरे ही हे संच मिळण्याची नेहमीची ठिकाणे होत. अनेक टेबले तळघरात कामाचे बाक म्हणून उरलेली असतात व त्यांच्यावर रंगाचे डाग आणि करवतीचे वण असतात. निर्मात्याची चिठ्ठी किंवा शिक्का असल्यास तो बहुधा खुर्चीच्या बैठकीखाली सापडतो.

पारख करताना सर्वप्रथम पृष्ठभाग पाहावा लागतो, कारण संचाचा हाच भाग पूर्ववत करता येत नाही. लॅमिनेट म्हणजे राळेत भिजवून दाबलेल्या कागदांचे थर असून नक्षी वरच्या एका पातळ कागदावर छापलेली असते. लाकडाप्रमाणे ते घासून नवे करता येत नाही. घासल्यास नक्षीच निघून जाते. म्हणून चमकदार पाय पण जळका पृष्ठभाग असलेल्या टेबलापेक्षा, फाटक्या खुर्च्या पण शाबूत पृष्ठभाग असलेला संच घेणे शहाणपणाचे ठरते. विक्रेते सहसा याच्या उलट मांडणी करतात.

टेबल वाढवण्यासाठी मध्ये बसवायची जोडफळी सोबत आहे की नाही, हेही पाहिले जाते. ती वर्षानुवर्षे कपाटात राहिल्याने तिचा रंग उन्हात फिकटलेल्या टेबलाशी जुळत नाही. हा दोष नसून फळी मूळची असण्याची शक्यता त्यातून दिसते.

दुरुस्ती

पृष्ठभाग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसतात. घासणीची पूड व तारेची घासणी मेलामाइनचा थर खरवडून टाकतात आणि चकाकी कायमची जाते; मंद झालेल्या भागावर मोटारीचे मेण लावल्यास थोडा उजाळा येतो. टेबलाच्या कडेची खाचेदार धातूची पट्टी जुन्या दातघासणीने साफ होते. पट्टी सैल असल्यास पाणी आतल्या लाकडी फळीत शिरून ती फुगते, म्हणून ही दुरुस्ती आधी करावी लागते.

क्रोम स्वतः गंजत नाही. मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालचे पोलाद गंजते. वरवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या वर्खाने निघतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत. मुलामा सोलवटून खड्डे पडले असतील, तर घरगुती उपाय चालत नाही. नव्याने मुलामा देताना जुना थर काढून बहुधा तांबे, निकेल व क्रोम असे क्रमाने थर चढवावे लागतात. त्याचा खर्च अनेकदा पूर्ण संचाच्या किमतीपेक्षा अधिक होतो. या प्रक्रियेत पारंपरिकरीत्या वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने हे काम घरी करण्याजोगे नाही.

व्हिनाइलमधील मऊपणा आणणारी द्रव्ये काळानुसार निघून जातात आणि ते शिवणीपाशी तडकते. बैठक व पाठ स्क्रूने बसवलेली असल्यामुळे सुटी करून मढवता येतात. जुने कापड फाडून फेकण्याऐवजी नव्यासाठी नमुना म्हणून जपतात. एकाच खुर्चीचे कापड बदलल्यास रंगाची तफावत उठून दिसते. यामुळे बरेच जण सर्व खुर्च्या एकदम मढवतात, तर काही संग्राहक शिवणीचे तडे तसेच ठेवून मूळ कापड जपणे पसंत करतात. खुर्च्यांच्या पायांखालची झिजलेली रबरी टोपणे मात्र लगेच बदलावी लागतात, अन्यथा नळीची धार फरशीत रुतते.

रंगवलेल्या लाकडी पायांच्या जुन्या टेबलांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा रंग कोरडा घासल्यास शिसेयुक्त धूळ उडते. लहान मुलांना ती विशेष घातक असते.