टायमिंगची खूण

जून 1912मध्ये दिएप येथे झालेली फ्रेंच ग्राँ प्री शर्यत मोटारींच्या इतिहासात बहुधा दोन आकड्यांत सांगितली जाते. फियाटच्या गाडीचे इंजिन 14 लिटरचे, प्यूजोचे 7.6 लिटरचे, आणि दोन दिवसांच्या शर्यतीनंतर जिंकला तो प्यूजोचा जॉर्ज ब्वालो. निम्म्या आकाराच्या इंजिनाने हे साधले, कारण त्याच्या माथ्यावर एकाऐवजी दोन कॅमशाफ्ट होत्या. एक इंधनमिश्रित हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारी, दुसरी जळका वायू बाहेर सोडणारे. प्रत्येक सिलिंडरला असे चार व्हॉल्व्ह. आज बाजारातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचे इंजिन याच वंशातले आहे.

रेखाटने एर्नेस्ट आंरी या स्विस माणसाने केली. मूळ कल्पना त्याची, संघातल्या चालकांची, की हिस्पानो-सुइझाच्या मार्क बिर्किग्टची, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही, आणि मला त्यात पडायचे नाही. माझा प्रश्न एक पायरी खालचा आहे. रचना 1912मध्ये सिद्ध झाली. मग ती साध्या पगारदाराच्या गाडीत यायला अर्धे शतक का लागले? पुस्तकांचे उत्तर ठरलेले असते: खर्च. जुनी दुरुस्ती-पुस्तके जमवण्याचा मला नाद आहे, आणि ती वाचताना हे उत्तर अपुरे वाटत गेले. इंजिन बनवण्याचा खर्च हा एक भाग झाला. ते एकदा उघडल्यावर पुन्हा नीट जुळवणार कोण, हा दुसरा. आणि इतिहासकारांनी त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही.

जुळवायचे काय, ते आधी सांगतो. क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या घेते तेव्हा कॅमशाफ्टने नेमकी एक घ्यायची. हे गुणोत्तर चाकांच्या दात्यांनी आपोआप पाळले जाते. पण सुरुवात कुठून करायची, हे दाते सांगत नाहीत. समजा, कॅमच्या चाकाला 40 दाते आहेत. साखळी एक दात पुढेमागे बसली तर कॅम 9 अंशांनी चुकते, म्हणजे क्रँकच्या हिशेबात 18 अंशांनी. इंजिन सुरू होईल, पण धापा टाकत. चूक आणखी वाढली तर पिस्टन वर येताना उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. दोन कॅमच्या इंजिनात याहून मोठा धोका असतो. व्हॉल्व्ह एकमेकांकडे कललेले असल्यामुळे, एक कॅमशाफ्ट सुटी फिरवली तर आत घेणारा आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आपसातच भिडू शकतात. पिस्टन बिचारा दूरच असतो.

बरे, पिस्टन अगदी वर आला हे तरी कसे ओळखायचे? टोकाशी पोचताना त्याची गती इतकी मंदावते की क्रँक काही अंश फिरली तरी तो जागचा हलल्यासारखा दिसत नाही. म्हणून मेस्त्री वरचा बिंदू थेट शोधतच नाहीत. पिस्टन वर येण्याआधीच अडेल असा अडसर प्लगच्या भोकातून बसवतात, क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवतात, अंशांच्या तबकडीवर आकडा टिपतात. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरा आकडा टिपतात. दोहोंचा मध्य हा खरा माथा. शर्यतीच्या संघाला हे परवडते, कारण ज्याने इंजिन बांधले तोच ते उघडतो आणि त्याच्याकडे तबकडी, डायल गेज आणि अख्खी रात्र असते.

जग्वारने लंडनच्या प्रदर्शनात 1948 साली एक्सके 120 ही गाडी मांडली, तेव्हा दोन कॅमचे इंजिन प्रथमच मोठ्या संख्येने गिऱ्हाइकांच्या हाती जाणार होते. 3442 घनसेंटिमीटर, सहा सिलिंडर, 160 अश्वशक्ती. या इंजिनाच्या शक्तीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यातली एक पत्र्याची पट्टी जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही कॅमशाफ्टना पुढच्या बाजूला खाच ठेवलेली असते. सहाव्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यावर आणायचा (जग्वार सिलिंडर मागून मोजते, म्हणजे सहावा सर्वांत पुढचा), हेडच्या सपाट पृष्ठावर पट्टी टेकवायची आणि तिचे टोक खाचेत बसेपर्यंत कॅम फिरवायची. अंश मोजायचे काम कारखान्याने आधीच करून खाचेत ठेवून दिले आहे. साखळीचे चाक आणि कॅम यांच्यामध्ये बारीक दातेरी चकती असते, तिच्यामुळे दाताच्या अंशाइतकाही फरक करता येतो. भोके तरीही जुळली नाहीत तर ती चकती अर्धा वळसा फिरवून पाहावी, असे कारखान्याचे पुस्तक सांगते. तिची घडणच तशी केलेली आहे. कोव्हेंट्रीहून हजारो मैलांवर, कधीही न भेटणाऱ्या मेस्त्रीची अडचण आधी ओळखून कुणीतरी ती चकती आखली. त्याचे नाव मला कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही.

अल्फा रोमिओच्या 1954च्या जुलिएत्तातही चाकावर अशीच भोकांची बारीक युक्ती होती. पण या दोन्ही इंजिनांत एक खोट राहिली. व्हॉल्व्हची फट कमीजास्त करायला त्याखालची चकती बदलावी लागे, त्यासाठी कॅमशाफ्ट उचलावी लागे, आणि ती उचलली की टायमिंग पुन्हा पहिल्यापासून. नेहमीच्या देखभालीतच इंजिनाची सर्वांत नाजूक जुळवणी मोडत होती.

ही कोंडी फुटली ती काही अंशी शिवणयंत्रामुळे. अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी 1940च्या दशकात सिंगरच्या यंत्रासाठी दातेरी पट्टा तयार केला. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ चुकू नये, एवढेच त्याचे काम. आपल्याकडे घरोघर पायाने चालवल्या गेलेल्या मशीनचा चामडी पट्टा घसरला तर टाका फक्त थांबतो. इथे घसरून चालणार नव्हते. जर्मनीच्या ग्लास कंपनीने 1962च्या सुमारास तसा पट्टा एका कॅमच्या मोटारीत आणला. आणि 1966मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात फियाटने 124 स्पोर्ट दाखवली: दोन कॅम, रबरी दातेरी पट्टा, 1438 घनसेंटिमीटर. दिएपला हरलेली तीच फियाट.

आरेखक होते पूर्वी फेरारीत असलेले ऑरेलिओ लाम्प्रेदी. फट जुळवणारी चकती त्यांनी कॅमच्या लगेच खाली, बादलीसारख्या टॅपेटच्या माथ्यावर ठेवली. कॅमशाफ्ट न काढता ती बदलता येऊ लागली. टायमिंगसाठी चाकांवर खुणा आणि त्यांच्यासमोर स्थिर दर्शक. खुणा दर्शकांसमोर आणा, क्रँकपासून सुरुवात करून ओढली जाणारी बाजू ताठ ठेवत पट्टा चढवा, सैली टेन्शनरकडे जाऊ द्या. मग हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासा. दोनच, कारण तेवढ्यात कॅमची एक फेरी पुरी होते. तबकडी नको, पट्टी नको. हे इंजिन तीन दशकांहून अधिक काळ बनत राहिले, आणि माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय अश्वशक्तीइतकेच त्या खुणांना आहे. (124चा सांगाडा पुढे आपल्याकडेही आला, मुंबईच्या प्रीमियर कंपनीच्या 118 एनईच्या रूपाने, 1985मध्ये. पण आत इंजिन निस्सानचे होते, कॅम खाली आणि व्हॉल्व्ह उचलायला दांडे. लाम्प्रेदींचे इंजिन वाटेतच राहिले.)

खूण मात्र कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचीच साक्ष देते. तापून वाकलेले हेड मशीनवर घासून सपाट केले की कॅमशाफ्ट क्रँकच्या तेवढ्या जवळ येतात. पट्ट्याच्या ओढत्या बाजूला आलेली सैली टेन्शनर दुसरीकडे खेचून घेतो आणि दोन्ही कॅम किंचित मागे पडतात. खूण दर्शकासमोर येत नाही, थोडी अलीकडे थांबते. एक दात सरकवावा तर पलीकडे जाते. जग्वारमध्ये अशा वेळी दातेरी चकती कामी येते. फियाटच्या चाकात तशी सोय नव्हती. म्हणून ही जुनी इंजिने आज नव्याने बांधणारे लोक लांबट भोकांची, सरकवता येणारी चाके बसवतात. प्लगच्या भोकात अडसर घालून, क्रँकवर तबकडी लावून दोन्ही बाजूंचे आकडे टिपतात, आणि मध्य काढतात.