नक्कल, पडताळा आणि सहाध्ययन

महाजालावर एकत्र जमून अभ्यास करणारे गट ही संगणकयुगाची देणगी आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. साधन नवे आहे, यात शंका नाही. परंतु एकमेकांपासून दूर राहणाऱ्या माणसांनी एका ग्रंथाभोवती जमावे, त्यावर काम करावे आणि त्या कामातूनच शिकावे, ही रीत मराठीत किमान साडेतीनशे वर्षे जुनी आहे. तिचा एक धागा जालना जिल्ह्यातून निघतो.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म इ.स. १६०८ चा. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत, संप्रदायात ज्यांना 'श्रेष्ठ' म्हणतात, ते गावीच राहिले आणि त्यांनी 'भक्तिरहस्य' व 'सुलभोपाय' हे ग्रंथ रचले. धाकटे बंधू मात्र देशभर हिंडले आणि त्यांचे शिष्यही ठिकठिकाणी विखुरले : कल्याण डोमगावला, वेणाबाई मिरजेला, दिनकर तिसगावला. वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा दासबोध या सर्वांना जोडणारा ग्रंथ होता. मठामठांत कित्येक दिवसांच्या वाटचालीचे अंतर होते. ते अंतर ग्रंथाची नक्कल भरून काढी.

या नकलेकडे आपण यांत्रिक श्रम म्हणून पाहतो, ते बरोबर नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, शाई, लेखणी, कागद, पानाभोवती सोडायची जागा, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत राखायची एकसारखी घडण, इतक्या बारकाव्यांनी तो लिहिला आहे. अध्यात्मग्रंथात हा विषय यावा, याचा अर्थ उघड आहे. ज्याला नक्कल करायची आहे त्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते, आणि जो थांबतो तो वाचतो.

अर्थात नकलेबरोबर चुकाही प्रवास करतात. एकाच्या हातून सुटलेला शब्द पुढच्या दहा प्रतींतून सुटतो. समासात लिहिलेली टीप पुढच्या लेखकाच्या हातून संहितेत शिरते. म्हणून प्रती परस्परांशी ताडून पाहणारा कोणीतरी लागतो. ते काम धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी अंगावर घेतले. १८९३ मध्ये त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि मठोमठी हिंडून बाडे गोळा केली. डोमगावच्या मठात कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्या आधारे १९०५ मध्ये त्यांनी दासबोध छापून प्रसिद्ध केला. त्या काळी डोमगाव निजामाच्या राज्यात, जांबही तिकडेच, आणि धुळे इंग्रजी अमलात. राजकीय सरहद्द ओलांडून एका संहितेवर झालेले हे सामूहिक काम होते : कोणी प्रत लिहिली होती, कोणी ती पिढ्यानपिढ्या जपली होती, कोणी ती ताडली.

पुढे सज्जनगडावरून टपालाने दासबोधाचे अध्ययन सुरू झाले. घरबसल्या समास वाचायचा, स्वाध्याय लिहून पाठवायचा आणि तपासून परत आलेला कागद पुन्हा वाचायचा, अशी ही पद्धत. गुरू समोर नसला तरी लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीव तिथे असते. आजच्या मराठी विकिस्रोताची घडणही तत्त्वतः हीच आहे. जुन्या पुस्तकाचे छायाचित्रित पान समोर ठेवून एकजण मजकूर तपासतो, दुसरा तो पुन्हा पडताळतो आणि मगच ते पान प्रमाणित ठरते. पहिल्याने स्वतःचेच पान स्वतः प्रमाणित करायचे नाही, असा तिथला दंडक आहे.

भ्रमणध्वनीवरील आपले बहुसंख्य वाङ्मयीन गट या कसोटीला उतरत नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते. रामदासांच्या नावावर कोणतीही ओवी तिथे येते आणि एका बोटाने पुढे जाते. दशक कोणता, समास कोणता, हे विचारणारा विरळा. नकलेला दिवस लागत, म्हणून ती वाचून होई. पुढे ढकलण्याला क्षणही लागत नाही, म्हणून ते न वाचता होते. चूक दोन्हीकडे पसरते; पण नक्कल करणाऱ्याला ती दिसण्याची निदान एक संधी असते.

साहित्याच्या अध्यापकाला यातून एक साधा धडा घेता येईल. गटात प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पान द्यावे आणि त्याने केलेले काम दुसऱ्याकडे तपासायला द्यावे. अंबडचा विद्यार्थी आणि मिरजेची विद्यार्थिनी एकमेकांना कधी भेटणारही नाहीत. परंतु तिने खूण केलेल्या शब्दासाठी तो मूळ पान पुन्हा उघडेल. डोमगावची प्रत धुळ्याला ताडली गेली तेव्हा याहून वेगळे काही घडले नव्हते.