दातातली खुंटी : लाकडापासून काचेच्या तंतूंपर्यंत

मोहोळला घरी गेलो की प्रश्न ठरलेला असतो, "दातावर एवढं काय संशोधन करतोस?" मी कुऱ्हाडीचं उदाहरण देतो. दांडा सैल झाला की आपण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतो. लाकूड फुगतं, पकड घट्ट होते. लोखंड तो ताण सोसतं. दात सोसत नाही. माझ्या विषयाचा इतिहास इथूनच सुरू होतो.

रूट कॅनाल झालेल्या दाताचा वरचा भाग फारच कमी उरला, तर मुळाच्या पोकळीत एक दांडी बसवतात. तिला पोस्ट म्हणतात. तिच्या आधारावर कॅप बसते. फ्रेंच दंतवैद्य पिअर फोशार यांनी 1728 च्या ग्रंथात सोन्या-चांदीच्या अशा दांड्यांची माहिती दिली. पुढे लाकडी खुंट्या रूढ झाल्या. त्या लाळेने फुगायच्या, घट्ट बसायच्या आणि कधीकधी मूळच उभं चिरायच्या. पकड देणारा गुणच दात घालवत होता!

1907 मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या साच्यातून सोनं ओतायची पद्धत मांडली. त्यातून मुळाच्या मापाची ओतीव पोस्ट करणं सोपं झालं. नंतर तयार स्टीलच्या आणि टायटॅनियमच्या पोस्ट आल्या. पण दाताच्या डेंटिनची ताठरता साधारण 18 गिगापास्कल, टायटॅनियमची 110 च्या आसपास, स्टीलची 200 च्या आसपास. ताठ दांडी वाकत नाही, ताण मुळावर जातो. म्हणून 1990 च्या सुमारास कार्बन तंतूंच्या पोस्ट आल्या. त्यांचा काळा रंग दिसायचा, म्हणून मग काचेच्या आणि क्वार्ट्झच्या तंतूंच्या आल्या. त्यांची ताठरता डेंटिनच्या बरीच जवळ असते.

आता तुमच्या कामाचं. 1984 मध्ये सोरेनसन आणि मार्टिनॉफ यांनी रूट कॅनाल झालेले 1,273 दात तपासले. पोस्टमुळे दात मजबूत होतो, असं काही दिसलं नाही. पोस्टचं काम कॅपला आधार देणं. मग "कुठली पोस्ट जास्त मजबूत?" हा प्रश्नच अपुरा नाही का?

प्रयोगशाळेत आपण काढलेला दात ॲक्रिलिकमध्ये रोवतो, तिरका दाब देतो आणि तो किती न्यूटनला तुटला ते लिहितो. समजा, धातूची पोस्ट जास्त दाबाला टिकली, पण मूळ चिरलं, तर दात काढावाच लागतो. तंतूची पोस्ट कमी दाबाला सुटली, पण मूळ शाबूत राहिलं, तर दात पुन्हा बांधता येतो. रुग्णाच्या दृष्टीने जिंकलं कोण?

शिवाय आपल्याकडची कडक भाकरी दात एका फटक्यात मोडत नाही, रोज थोडाथोडा ताण देते. म्हणून एकदाच दिलेल्या दाबासोबत वारंवार दिलेल्या दाबाची चाचणीही आराखड्यात धरा.

आणि नोंदवहीत न्यूटनच्या शेजारी "कुठे तुटलं" हा रकाना पहिल्याच दिवशी आखा. तुटलेले नमुने फेकून दिल्यावर ही माहिती परत मिळत नाही.