गिरण्यांचा धूर आणि आजचा हिशेब



पृथ्वीची उष्णता वाढत चालली आहे आणि ती वाढविणाऱ्या वायूंना कारखानदारांनीं आळा घालावा, अशी चर्चा आज राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदांतून चालते. हा प्रश्न अगदीं कालपरवांचा आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आम्हां नवी मुंबईकरांच्या एका हातास खाडीपलीकडील मुंबई आणि दुसऱ्या हातास बोरघाट. या दोहोंच्या दरम्यान या प्रश्नाचा पहिला अंक शंभर वर्षांपूर्वींच होऊन गेला आहे. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं स्थापिलेली मुंबईंतील पहिली कापड गिरणी 1856 सालीं सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, तसा त्यांच्या बॉयलरांचा धूरही वाढला. 1912 सालीं मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवास आळा घालणारा कायदा केला. त्या कायद्याची दृष्टि धुराच्या काळेपणावर होती. कोळसा नीट जळाला म्हणजे धूर पांढुरका होतो आणि कायद्याचें समाधान होतें. परंतु जुन्या क्रमिक पुस्तकांत ज्यास कर्बाम्लवायु म्हणत, त्या कार्बन डायऑक्साइडला रंगच नसतो. कोळसा जितका चांगला जळेल तितका तो निघणारच. या वायूच्या वाढीनें पृथ्वी तापेल, असें गणित स्वीडनमधील आऱ्हेनियस या शास्त्रज्ञानें 1896 सालींच मांडलें होतें. पण त्याचा संबंध परळच्या धुरांड्यांशीं जोडण्याची दृष्टि तेव्हां कोणासच नव्हती.

याच सुमारास कोळशावांचून गिरण्या चालविण्याची योजना आकारास येत होती. जमशेटजी टाटा यांचें हें स्वप्न. ते 1904 सालीं निवर्तले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनीं 1910 सालीं जलविद्युत् कंपनी स्थापन केली. घाटमाथ्यावरील पावसाचें पाणी लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत सांठवावयाचें, नळांतून तें सतराशे फुटांच्या सुमारास खालीं खोपोलीस सोडावयाचें, आणि तेथें निपजलेली वीज तारांनीं मुंबईस न्यावयाची, अशी ही योजना होती. 1915 सालीं ती वीज मुंबईस पोंचली.

गिरणीमालकांनीं मात्र तिचें स्वागत एकाएकीं केलें नाहीं. त्यांचा पैसा आधींच बॉयलरांत आणि वाफेच्या एंजिनांत गुंतलेला होता. पुढें जे वळले, ते हिशेब पाहूनच. मुंबईपासून कोळशाच्या खाणी दूर. कोळसा बंगालहून किंवा परदेशाहून आणावा लागे, आणि महायुद्धाच्या काळांत तर त्याची टंचाई झाली. घाटावर पाऊस मात्र दरवर्षीं पडत होता. मागणी वाढली, तशीं 1922 सालीं भिवपुरीचें आणि 1927 सालीं भिऱ्याचें अशीं आणखी दोन केंद्रें उभीं राहिलीं.

परंतु या उज्ज्वल कथेस दुसरी बाजू आहे, आणि ती वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. भिऱ्यास पाणी पुरविण्यासाठीं मुळशी येथें धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां मावळ्यांच्या भातशेतीवर आणि घरादारांवर पाणी फिरणार होतें. 1921 सालीं त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट यांनीं कारावास सोसला. तरीही धरण झालेंच. मुंबईचा धूर कमी झाला, त्याची किंमत मुळशीच्या शेतकऱ्यानें दिली.

शिवाय वांचलेला कोळसा कायमचा वांचला, असेंही नाहीं. उद्योगांची भूक पाण्याच्या बळापेक्षां वेगानें वाढली. 1956 सालीं ट्रॉम्बे येथें औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. खाडीच्या अलीकडे ठाणें-बेलापूर पट्ट्यांत कारखाने उभे राहिले.

आतां आजचे नियम पाहूं. मोठ्या कारखान्यांनीं मालाच्या दर नगामागें ऊर्जा किती कमी खर्चावी, याचें लक्ष्य ठरवून देणारी योजना केंद्र सरकारनें 2012 सालीं सुरू केली. 2022 सालीं ऊर्जा संरक्षण कायद्यांत दुरुस्ती झाली आणि 2023 सालीं कार्बन पत्रांच्या व्यापाराची योजना जाहीर झाली. नेमून दिलेल्या लक्ष्यापेक्षां कमी वायु सोडणाऱ्यास पत्रें मिळावयाचीं, आणि लक्ष्य चुकविणाऱ्यानें तीं विकत घ्यावयाचीं, असें तिचें स्वरूप आहे. भांडवल बाजारांतील एक हजार मोठ्या कंपन्यांना 2022-23 पासून आपल्या कारभाराचा पर्यावरणविषयक अहवाल देणें सेबीनें बंधनकारक केलें. जो वायु 1912 च्या कायद्यास दिसत नव्हता, तो आतां वहींत उतरूं लागला, ही प्रगति खरी. मात्र लक्ष्य दर नगामागें असतें, हें विसरूं नये. नगामागें वायु घटला आणि नग दुप्पट झाले, तर धुरांड्यांतून निघणारा एकूण वायु वाढलेलाही असूं शकेल.

म्हणून एखादा कारखानदार आपण स्वच्छ झालों असें सांगेल, तेव्हां त्यास तीन प्रश्न विचारावे. मोजलें काय? एकंदर बेरीज घटली काय? आणि या स्वच्छतेसाठीं कोणाची जमीन, कोणाचें पाणी गेलें? नवी मुंबई स्वतः पंचाण्णव गांवांच्या जमिनीवर वसली आहे. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठीं 1984 सालीं उरण तालुक्यांत पांच जणांनीं प्राण वेंचले. तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य या शहराइतकें दुसऱ्या कोणाचें असेल? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें अहवालांत सांपडतील. तिसऱ्याचें उत्तर मिळविण्यासाठीं त्या त्या गांवींच जावें लागेल.