मेडिसिन लेक : वनभूमीखालची वाफ आणि भाडेपट्ट्यांचा वाद
उत्तर कॅलिफोर्नियातील मेडिसिन लेक हा ज्वालामुखी विस्ताराने प्रचंड, पण उताराने इतका सौम्य आहे की पाहणाऱ्याला तो डोंगर न वाटता पाइन-फर वृक्षांनी झाकलेले पठारच वाटावे. माथा खचून तयार झालेल्या सुमारे १२ किलोमीटर लांब व ७ किलोमीटर रुंद कुंडात, म्हणजे कॅल्डेरात, मेडिसिन लेक याच नावाचे सरोवर आहे. शेवटचा उद्रेक सुमारे ९५० वर्षांपूर्वीचा असल्याने खोलवर उष्णता टिकून असणार, हे उघड होते. ही जमीन मोडॉक, क्लॅमथ आणि शास्ता-ट्रिनिटी या राष्ट्रीय वनांत, म्हणजे संघराज्याच्या मालकीत, मोडते. पिट रिव्हर जमातीच्या लेखी मात्र ते उपचाराचे आणि प्रार्थनेचे स्थान आहे.

डिसेंबर १९७० मधील जिओथर्मल स्टीम ॲक्टमुळे अशा जमिनीखालची वाफ भाडेपट्ट्याने देता येऊ लागली. पट्टा देणार अंतर्गत व्यवहार खात्याचे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, तर वरचे जंगल सांभाळणार कृषी खात्याची वनसेवा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

शोधाची पहिली पायरी किरकोळ दिसते. अरुंद विंधणविवर घेतात, खोदकामाने थंड झालेला खडक पूर्ववत तापेपर्यंत थांबतात आणि मग तापमापक खाली सोडून खोलीगणिक तापमान कसे वाढते, म्हणजेच तापमानप्रवणता किती, ते नोंदवतात. परंतु कॅस्केड पर्वतरांगेत पावसाचे व बर्फाचे पाणी सच्छिद्र लाव्हातून झिरपून वरचे थर गार ठेवते, त्यामुळे उथळ विवरे फसवतात आणि खोल जावे लागते. शिवाय उष्णता सापडली तरी भेगांतून वाहणारे गरम पाणी नसेल तर वीज निघत नाही. म्हणून किरकोळ वाटणाऱ्या शोधामागोमाग रस्ते, सपाट केलेले ओटे आणि चिखलाचे हौद येतात.

वादाचे मूळ नेमके इथे आहे. १९८८ मध्ये येथे १० वर्षांचे पट्टे दिले गेले, तेव्हा आधारासाठी १९७३ चा सर्वसाधारण पर्यावरण अहवाल आणि १९८१ व १९८४ चे त्रोटक आढावे होते. १९९८ मध्ये नव्या तपासणीविनाच ५ वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि सविस्तर अहवाल तयार झाले ते फोरमाइल हिल व टेलिफोन फ्लॅट या वीजप्रकल्पांचे प्रस्ताव आल्यावर. हे वरातीमागून घोडेच होते, कारण पट्टा हाती असलेल्या कंपनीला नकार देण्याची सरकारची मोकळीक तोवर आकसली होती. जमातीच्या दाव्यावर नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये ही मुदतवाढ पर्यावरण धोरण कायदा आणि ऐतिहासिक वारसा जतन कायदा यांचा भंग करणारी ठरवली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक मुद्दा निकालात काढला : एका पट्ट्यावरील यशस्वी विहिरीच्या जोरावर इतर २६ पट्ट्यांना ४० वर्षांची मुदत देता येत नाही, प्रत्येक पट्ट्याने आपले उत्पादन स्वतंत्रपणे सिद्ध केले पाहिजे.